लुअरच्या शेपटीवर लाटा, पोट अंडाकृती, आणि प्रोग्राम मात्र बरोबर: ऑटोमॅटिक लेथवरची कायमची डोकेदुखी

लाकडी पॉपर किंवा पेन्सिल लुअर (लुअर म्हणजे मासे भुलवायचं खोटं आमिष, पॉपर आणि पेन्सिल हे त्याचे प्रकार) ऑटोमॅटिक लेथवर काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते. पहिला लॉट छान निघतो, गिऱ्हाईक खूश, मग दुसऱ्या ऑर्डरला शेपटीकडच्या बाजूला बारीक बारीक लाटा दिसायला लागतात, कुठे व्यास अर्धा एमएम जास्त, कुठे लाकडाच्या रेषा (तंतू) उपटलेल्या, आणि आठवड्याने मोजलं तर काल गोल असलेली बॉडी अंडाकृती. मग स्पीड कमी करा, टूल बदला, टेलस्टॉक (दांड्याचं मोकळं टोक धरणारा भाग) आणखी आवळा, कंट्रोलरवाल्याला फोन लावा, तो म्हणतो पॅरामीटर रिसेट मारा, आणि हे सगळं एकाच दुपारी केलं की प्रॉब्लेम जातो. पण कशाने गेला ते कोणालाच कळत नाही, त्यामुळे पुढच्या ऑर्डरला तो परत हजर.

माझं म्हणणं एवढंच की लाटा, जाड व्यास, उपटलेल्या रेषा आणि अंडाकृती हे चारही दोष वेगवेगळे आहेत, एकाच नावाने ओरडू नका, आणि मशीनला हात लावायच्या आधी हे ठरवा की दोष मशीनबरोबर थांबतोय, लाकडाबरोबर फिरतोय का वेळेबरोबर वाढतोय. हे ठरवायला मीटर लागत नाही, पेन्सिल आणि व्हर्नियर बस्स.

एकाच फळीतून कापलेल्या दांड्यांच्या एका टोकाला, सगळ्यांच्या एकाच बाजूला, पेन्सिलने 'क' लिहा. निम्मे दांडे 'क' हेडस्टॉककडे (दांडा फिरवणाऱ्या मोटरच्या बाजूला) ठेवून लावा, उरलेले उलटे करून. लाटा किंवा उपटलेल्या रेषा दरवेळी 'क'च्या बाजूलाच आल्या तर ते लाकडाचं काम आहे, प्रोग्रामशी त्याचा काही संबंध नाही. दांडा कसाही लावा, दोष टेलस्टॉककडेच येतो, तर मशीन आणि पकड बघायची. आणि सकाळी ठीक, दुपारी खराब, असं असेल तर टूल नाहीतर मोटर.

दुसरी गोष्ट, ही मी आता प्रत्येक प्रोग्राममध्ये कायमची घालून ठेवलीये. दांड्याच्या दोन्ही टोकांना जो कापून टाकायचा भाग असतो ना, तिथे ५ एमएम रुंदीची सरळ कॉलर काढायची, बरोबर २० एमएम व्यासाची, दोन्हीकडे सेम. ही कॉलर सेंटरच्या (दांड्याचं टोक धरणाऱ्या टोकदार आधाराच्या) अगदी जवळ असते म्हणून तिथे दांडा लवत नाही. कॉलर २० आहे आणि पोट जाड येतंय, म्हणजे टूल पाहिजे तिथे पोचतंय पण लाकूड मागे सरतंय. दोन्ही कॉलर २०.४ आल्या, म्हणजे टूल झिजलंय नाहीतर टूल सरकवणारी, पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर पावलं चुकली. एक कॉलर २० आणि दुसरी २०.३, तर टेलस्टॉक लाइनमध्ये नाहीये. एवढ्या एका कॉलरवर अर्ध्या भांडणांचा निकाल लागतो, आणि त्यात लाकूड वाया जात नाही कारण तो तुकडा तसाही भुशातच जाणार असतो.

आता मुख्य दुखणं, शेपटीवरच्या लाटा. आधी त्या लाटा नीट बघा, उजेड आडवा पाडून. समान अंतरावर आट्यासारख्या रेघा असतील तर तो चॅटर (दांड्याची थरथर) नव्हे, ती फीडची (टूल पुढे सरकण्याच्या वेगाची) खूण आहे. हिशोब सोपा आहे, २५०० आरपीएम आणि मिनिटाला १००० एमएम फीड म्हणजे एका फेऱ्यात टूल ०.४ एमएम पुढे जातं, रेघांमधलं अंतर ०.४ भरलं तर विषय संपला. टूलच्या नाकाची गोलाई १ एमएम असेल तर त्या रेघांची खोली ०.०२ एमएमच्या आसपास राहते, एका हाताच्या पॉलिश पेपरमध्ये निघून जाते. तेच नाक टोकदार, ०.२ गोलाईचं असलं तर खोली ०.१ च्याही वर जाते, पाचपटीहून जास्त, आणि मग माणूस बसतो घासत. फीड कमी करून वेळ घालवण्यापेक्षा नाक गोल करा.

पण रेघा तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या, हाताला पैलू पाडल्यासारख्या लागत असतील, आणि त्या वेळी मशीनचा आवाज बदलून घरघर येत असेल, तर तो खरा चॅटर. दांडा थरथरतोय. इथे थोडं गणित सांगतो कारण याच्याशिवाय लोक ऐकत नाहीत. ३०० एमएम लांबीचा शिवणीच्या लाकडाचा दांडा, दोन्हीकडून सेंटरमध्ये, मध्यावर टूलने साधारण २ किलोचा दाब दिला. दांडा २५ एमएम जाड असेल तर तो ०.०७ एमएम लवतो, म्हणजे काहीच नाही. तोच दांडा अख्खा १२ एमएमचा झाला तर १.४ एमएमच्या आसपास लवतो. व्यास निम्मा केला की लवणं सोळापट, आणि लांबी निम्मी केली की आठपट कमी. लुअरची शेपटी म्हणजे नेमका हाच बारीक भाग. म्हणून रफिंगला (पहिल्या ढोबळ कापणीला) काही दिसत नाही, फिनिशला (शेवटच्या बारीक कापणीला) मशीन तेच, टूल तेच, स्पीड तेच, तरी लाटा.

आणि इथेच सगळे टेलस्टॉक आवळतात, ज्याने गोष्ट आणखी बिघडते. हवेवर चालणारा टेलस्टॉक असेल तर त्याचा सिलिंडर बघा किती बोअरचा (आतल्या व्यासाचा) आहे. ६३ बोअरचा सिलिंडर ६ बारला १८५-१९० किलोने रेटतो. वर सांगितलेला १२ एमएमचा ३०० लांब दांडा ९० किलोच्या आसपासच धनुष्यासारखा वाकायला लागतो, आणि लाकूड थोडं जरी आधीच वाकडं असेल तर त्याच्याही बरंच आधी. म्हणजे तुम्ही दांडा घट्ट धरत नाही आहात, तुम्ही तो दोन्ही टोकांकडून दाबून मधे फुगवताय, आणि तो फुगलेला दांडा गरागरा फिरतोय. टूल एका बाजूला जास्त खातं, दुसऱ्या बाजूला हवेत जातं. टेलस्टॉकच्या लाइनवर रेग्युलेटर बसवा, रफिंगला ४ बार, फिनिशला दीड-दोन बार. दोन प्रेशर आपोआप बदलायचे तर एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि कंट्रोलरचं एक रिकामं आउटपुट लागतं, बहुतेक मशीनवर ते पडूनच असतं. नुसता रेग्युलेटर बसवून २ बारवर कायमचा ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो, फक्त रफिंगचा कट थोडा हलका घ्यावा लागेल.

हाताच्या चाकाचा टेलस्टॉक असेल तर प्रकार उलटा. पांगारा किंवा सावरीसारखं मऊ लाकूड असलं की सेंटरचं टोक फिरता फिरता हळूहळू आत रुततं, चाक तर जागच्या जागी असतं, मग दांडा ढिला पडतो आणि फिनिशच्या ऐन मध्यावर ठोके ऐकू येतात. इथे टोकदार सेंटर काढून कपासारखा, भोवती रिंग असलेला सेंटर लावा, आणि फारच मऊ लाकूड असेल तर दांड्याच्या टोकाला पातळ फेविक्विकचे दोन थेंब सोडून सुकू द्या, टोक कडक होतं. सावंतवाडीकडे खेळण्यांसाठी पांगारा पूर्वीपासून वापरतात, पण तिथल्या जुन्या कातकामात हात टूलवर असायचा, लाकूड ढिलं झालं की कातारी माणसाला हाताला कळायचं आणि तो थांबायचा. ऑटोमॅटिकला कळत नाही, तो ठोकत राहतो.

कापायचा क्रम हा पुढचा मुद्दा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फिरवायची ताकद हेडस्टॉककडून येते. शेपटी हेडस्टॉककडे ठेवली तर पोट कापताना सगळा पीळ त्या बारीक मानेतून जातो, मान पिळते, सुटते, परत पिळते. म्हणून एक दांडा एक बॉडी असेल तर शेपटी टेलस्टॉककडे, आणि शेपटीचं फिनिश सगळ्यात शेवटी. एका दांड्यात दोन बॉडी काढत असाल तर तोंडाला तोंड लावा, म्हणजे जाड भाग मधे येतो, जिथे दांडा सगळ्यात जास्त लवतो तिथेच त्याला जाडी मिळते, आणि शेपट्या दोन्ही सेंटरजवळ जातात. त्यातली हेडस्टॉककडची शेपटी अगदी शेवटच्या पासला. लोक शेपटीला शेपटी लावतात कारण ड्रॉइंगमध्ये ते छान दिसतं आणि मधे एकाच ठिकाणी करवत मारता येते, आणि मग विचारतात मधेच का तुटतं. एका दांड्यात तीन-तीन बॉडी काढायच्या फंदात चालत्या स्टेडीशिवाय (टूलबरोबर सरकून दांड्याला आधार देणाऱ्या रिंगेशिवाय) पडू नका. स्टेडी असेल तरी रफिंग टूलने दांडा रिंगच्या मापाला गोल केलेला हवा, रिंग आणि दांड्यात पाव एमएमपेक्षा जास्त गॅप राहिला तर स्टेडी फक्त शोभेची.

रेषा उपटण्याचं उत्तर यातच आहे थोडंफार. टूल नेहमी जाडीकडून बारीककडे उतरत गेलं पाहिजे, तसं गेलं की कापल्या जाणाऱ्या रेषेखाली दुसऱ्या रेषांचा आधार असतो. आपण प्रोग्राम काढतो डावीकडून उजवीकडे एका दमात, म्हणजे पोटापर्यंत चढ आणि पोटानंतर उतार, चढावर रेषा उपटणारच. प्रोग्रामचे दोन तुकडे करा, पोटाच्या सगळ्यात जाड जागेपासून सुरू करून आधी एका बाजूला उतरा, टूल उचला, परत पोटावर या, दुसऱ्या बाजूला उतरा. सायकल टाइम थोडा वाढतो, पण घासायचा वेळ त्याहून जास्त वाचतो. हे करूनही उपटतंय, आणि तेही फक्त एका बाजूला, अर्धा फेरा फिरवला की समोरची बाजू गुळगुळीत, तर त्या दांड्याची रेषा तिरकी आहे. फळी सरळ कापली म्हणजे रेषा सरळ असते असं नाही. फळीच्या टोकाचा एक तुकडा पटाशीने फोडून बघा, फूट कडेला समांतर गेली तर घ्या, तिरकी गेली तर त्या फळीची लाटणी करा, लुअर नको, कारण तिरक्या रेषेची शेपटी मशीनवर टिकली तरी पुढे हुक अडकवायचा आयस्क्रू लावताना फुटते.

अंडाकृतीचं म्हणाल तर तिथे मशीनची काही चूक नसते, तरी शिव्या मशीनच खातं. लाकूड वाळताना त्याच्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. कोकणात पावसाळ्यात हवा ८५-९० टक्के दमट असते तेव्हा उघड्यावर ठेवलेलं लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं, कितीही जुनं वाळलेलं असू दे. तेच घाटावर कोरड्या दिवसांत किंवा कोणाच्या एसी खोलीत गेलं की ९-१० वर येतं. ३० एमएमच्या बॉडीत एवढ्या फरकाने दोन दिशांचे व्यास सहज पाव एमएमने वेगळे होतात. तुम्ही कुडाळला गोल काढलीत, गिऱ्हाईकाने पुण्यात व्हर्नियर लावला, दोघंही खरं बोलताय. उपाय एकच, कापायच्या आधी दांडे आकारापेक्षा ४-५ एमएम जाड गोल करून बंद खोलीत ठेवायचे, खोलीत डीह्युमिडिफायर किंवा निदान एक-दोन १०० वॅटचे जुने बल्ब रात्रंदिवस, भुसा आणि ढलप्या तिथून लांब. वजन काट्यावर एकच नमुन्याचा दांडा रोज ठेवा, वजन उतरायचं थांबलं की फिनिशला घ्या. गाभा असलेला दांडा घेऊच नका, तो वाळवला तरी तडकतो.

आणि हे वजनाचं आलं म्हणून सांगतो, व्यासाच्या मागे लागलेले लोक वजन बघतच नाहीत. समजा १२० लांब, ३० जाड पॉपर, घनफळ साधारण ५५ घनसेंटिमीटर. व्यासात अर्धा एमएम चूक झाली तर घनफळात तीन-साडेतीन टक्के फरक, म्हणजे दोनेक ग्रॅम पाणी. पण एकाच वखारीतून आणलेल्या शिवणीत एक दांडा ०.४२ आणि दुसरा ०.५२ घनतेचा सहज निघतो, आणि तिथे नुसत्या लाकडात साडेपाच ग्रॅमचा फरक पडतो. हुक, रिंगा, वायर, शिसं, रंग सगळं ज्या तरंगण्याच्या जोरावर चालतं तो एकात ३२ ग्रॅम आणि दुसऱ्यात २६ ग्रॅम. अंदमानला जीटी (जायंट ट्रेव्हली मासा) मारायला जाणारा माणूस एकाच रंगाचे दोन पॉपर घेतो, एक शेपूट खाली टाकून उभा राहतो, दुसरा आडवा पडतो, आणि फोन तुम्हाला येतो की तुमच्या लेथला अॅक्युरसी नाही. लेथची अॅक्युरसी ठीक आहे हो. गोल केलेले सगळे दांडे सेम मापाचे असतात, तिथेच काट्यावर टाकून हलके-मध्यम-जड असे तीन खोके करा, हलके पॉपरला, जड हळू बुडणाऱ्या स्टिकबेट लुअरला, शिसं खोक्याप्रमाणे. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये पहिलं लुअर बुचाचं कोरलं, पुढे बाल्सा आलं, कारखाने झाले, तरी ते लोक लुअर पाण्याच्या टाकीत चालवून बघूनच सोडतात, ते काही उगाच नाही.

वेळेबरोबर वाढणारा दोष पटकन सांगून टाकतो. कॉलर हळूहळू, प्रत्येक लॉटला थोडी थोडी जाड होत गेली तर टूल झिजतंय, टूल ०.१ मागे सरलं की व्यासात ०.२ दिसतो हे लक्षात ठेवून कंट्रोलरमध्ये तेवढी भरपाई (ऑफसेट) द्या, आणि भुसा पावडरसारखा बारीक पडायला लागला, ढलप्या बंद झाल्या, की ऑफसेट पुरे, धार लावा. कॉलर एकदम उडी मारून जाड झाली आणि मग प्रत्येक पीसला तेवढीच जाड राहिली, तर स्टेपर पावलं चुकलाय. टूल होमला (मशीनच्या शून्य जागेला) नेऊन परत आणलं की बरोबर येतं, म्हणून ऑपरेटर दिवसातून चारदा होम करतो आणि कोणाला सांगत नाही. कारण बहुतेक वेळा रेलच्या कव्हरमागे दाबून बसलेला भुसा असतो, दमट दिवसांत तो तेलाबरोबर लापशी होऊन घट्ट बसतो. नाहीतर कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला. ड्रायव्हरचा करंट वाढवायला सगळ्यात शेवटी जा. पोटाच्या चढाची बाजू आणि उताराची बाजू यांचा आकार एकमेकांशी जुळत नसेल तर बॉलस्क्रूत (टूल सरकवणाऱ्या स्क्रूत) ढिलाई आलीये, डायल गेज लावून टूल पोस्ट हाताने मागे-पुढे हलवा, सुई सांगेल.

थ्रू-वायरचं (बॉडीतून आरपार जाणाऱ्या तारेचं) भोक असेल तर भोक आधी, लेथ नंतर. लांब ड्रिल रेषेबरोबर भरकटतंच, दोन्हीकडून अर्धं अर्धं मारा आणि मग त्याच भोकांत सेंटर बसवून बॉडी काढा, म्हणजे भोक मधे थोडं वाकलं तरी दोन्ही टोकांना ते बरोबर मध्यावर येतं. आधी बॉडी आणि मग भोक, असं करणाऱ्याच्या शेपटीत भोक बाजूला निघणार हे लिहून घ्या.

फिनिश झालेल्या बॉडीला त्याच दिवशी सीलरचा पहिला हात, दोन्ही टोकांना दोनदा, कारण टोकाकडून लाकूड पाणी पितं, आणि भोकाच्या आतही, कापसाचा बोळा तारेला गुंडाळून. रंगवालाच सील करेल म्हणून कच्चा माल गोणीत भरून ठेवला तर चार दिवसांत अंडाकृती झालेला असतो, आणि मग तो परत लेथवर चढवून गोल करायचा मोह होतो. तो करू नका. एकदा वरची कात काढली की माप गेलं, आणि लाकूड अजून हलतंच असेल तर पुढच्या आठवड्यात परत तेच. असे पीस वेगळ्या खोक्यात टाकून महिनाभर त्याच बल्बवाल्या खोलीत ठेवा, वजन थांबलं की एक साइज खालच्या मॉडेलला घ्या, शिवणीचा ३० चा पॉपर २६ च्या पेन्सिलमध्ये आरामात बसतो, भोक तर आधीच मारलेलं असतं.